गुरुवारची आग

भोसरीत गुरुवारी यंत्रं झोपलेली असतात,
म्हणून मी गुरुवारच मागून घेते.
बिबवेवाडीहून स्कूटरवर, पाठीला सॅक,
सॅकमध्ये नऊ बंद पाकिटं, एक स्टॉपवॉच
आणि काल रात्री जेवणानंतर
टाईप केलेली एक आग.

लांबट टेबल. मारी बिस्किटं. एसीचा रिमोट कुणालाच सापडत नाही.
नाडगौडा साहेब म्हणाले, "अकराला संपेल ना?"
म्हटलं, "आग विचारून संपत नाही, साहेब."
ते हसले. माझं बिल तेच पास करणार, म्हणून मीही.

पहिलं पाकीट.
नऊ वाजून दहा. सॉल्व्हंटच्या गोदामात धूर.
शेजारी रबरी गॅस्केट, चौदा टन, खिडकीपर्यंत रचलेली.
डिस्पॅचच्या मुजावरांनी लगेच विचारलं,
"चाकणची गाडी भरून निघाली होती का?"
तुंगार मॅडमनी प्रेसनोट काढायला घेतली;
'खेद' की 'तीव्र खेद', यात सात मिनिटं गेली.
आयटीचा सुयोग दांगट म्हणाला, बॅकअप आहे ना.
कुठे आहे?
त्याच गोदामाच्या माळ्यावर.
तेव्हा पहिल्यांदा बिस्किटांकडे जाणारे हात थांबले.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, कुणीतरी पुटपुटलं,
आणि बंब लांडेवाडीच्या सिग्नलला अडकलाय
हे तिसऱ्या पाकिटात होतंच.

मला हे काम आवडतं, खोटं कशाला बोलू.
आधी पेनांची टकटक चालते,
मग सैल सांडलेल्या पाठी एकेक करून सरळ होतात,
कागदी धुरानं खरे घसे कोरडे पडतात.
पाण्याच्या बाटल्या संपल्या की मी समजते, लागली.

पाचवं पाकीट.
मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचाय. कोण करणार?
यादी भिंतीवर होती, लॅमिनेट केलेली, शिक्क्यासकट.
'मेंटेनन्स: मा. रा. गव्हाणे. चोवीस तास.'
ढमढेरे नवे, सेफ्टीला लागून तीन महिने.
त्यांनी नंबर फिरवला, स्पीकर लावला.
माझा नियमच आहे: फोन खरे लावायचे.

रिंग जाताना मुजावर अर्धे उठले.
"अहो ठेवा, ठेवा, गव्हाणे तर दिवाळीआधीच..."
तोवर पलीकडे उचलला होता.

बाईचा आवाज. मागे कुकर.
"कंपनीतून का? थांबा, गॅस बंद करते."
ढमढेऱ्यांच्या तोंडून 'सराव' हा शब्द फुटेना.
मी बोलू शकले असते. घड्याळ माझ्याच हातात चालू होतं.
"हां, बोला. काय झालं?
कुणाला लागलं नाही ना?"

एकोणचाळीस मिनिटं झाली होती.
चौदा टन, चाकणची गाडी, विमा, बॅकअप, खेद, तीव्र खेद.
हा प्रश्न त्या खोलीत कुणी काढला नव्हता.
मीसुद्धा नाही. माझ्या गोदामात
माणसंच नव्हती. टाईप करायची राहून गेली.

नाडगौडा साहेबांनी फोन स्वतःकडे ओढला.
"नाही वहिनी. सगळे नीट आहेत. आज सुट्टी."
"अगबाई, गुरुवार," त्या म्हणाल्या.
"ह्यांना गुरुवार कधी कळलाच नाही.
फोन आला की चप्पल शोधता शोधता हेच विचारायचे."
थोडं थांबून, "नंबर चालू ठेवलाय मी. रिचार्ज करते.
म्हटलं, कंपनीचा फोन यायचा एखाद्या वेळेस."

मग साहेब वहिनींना मुलाच्या डिप्लोम्याबद्दल
विचारत राहिले, आणि आम्ही सगळे
आपापल्या कपांच्या तळाशी बघत राहिलो.
स्टॉपवॉच बंद करायचं मला सुचलं नाही.

अकरा कधीच वाजून गेले होते.
ढमढेरे खुर्चीवर चढून यादी काढायला लागले.
दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप, निघता निघेना,
शेवटी रंगाचा एक मोठा पोपडा घेऊनच खाली आली.

सहावं पाकीट मी उघडलं नाही.
त्यात पत्रकार होते.